दवाखान्यात बायका फिरकेनात, तेव्हा डॉ. रखमाबाईंनी आधी एका शेळीचं बाळंतपण केलं

आज एखादं नवीन हॉस्पिटल सुरू होतं तेव्हा काय काय होतं, हे आपण रोज बघतो. चौकाचौकात फ्लेक्स लागतात. फीत कापायला मंत्री येतात. पहिल्या आठवड्यात मोफत तपासणी शिबिर असतं. डॉक्टरांच्या मुलाखती छापून येतात, रील फिरतात. या सगळ्यामागे एक पीआर टीम असते आणि तिचं काम एकच, लोकांना दारापर्यंत आणणं.

आता 1895 सालचं सुरत शहर डोळ्यांसमोर आणा. फक्त बायकांसाठी वेगळं हॉस्पिटल आहे. लंडनला शिकून आलेल्या डॉक्टरबाई आहेत. खाटा आहेत, औषधं आहेत. नाहीत त्या फक्त पेशंट. बाळंतपणासाठी हॉस्पिटलमध्ये जायचं, ही कल्पनाच लोकांना मान्य नव्हती. घरात सुईण असताना परक्या जागी का जायचं, आणि गेलेली बाई परत आलीच नाही तर?

त्यावर या डॉक्टरबाईंनी जे केलं ते आजही त्यांच्या चरित्रात आवर्जून सांगितलं जातं. त्यांनी एक गाभण शेळी हॉस्पिटलमध्ये आणली आणि तिथे तिचं बाळंतपण केलं. शेळी जगली, पिल्लू जगलं आणि ही बातमी सुरतेच्या घराघरांत पोहोचली.

या डॉक्टरबाई म्हणजे डॉ. रखमाबाई राऊत. बहुतेकांना त्या माहीत असतात त्या कोर्टातल्या एका गाजलेल्या केसमुळे. पण ती केस त्यांच्या आयुष्यातली चार वर्षं होती. त्यानंतर जवळपास 35 वर्षं त्यांनी डॉक्टरकी केली. लोकांच्या चर्चेचा विषय झालेली एक मुलगी पुढे त्याच लोकांचा विश्वास कसा मिळवते, हे बघायचं असेल तर दोन्ही भाग एकत्र वाचावे लागतात.

बाळंतपणाची भीती घरातच पाहिलेली मुलगी

रखमाबाईंचा जन्म 22 नोव्हेंबर 1864 चा, मुंबईतला. आईचं नाव जयंतीबाई, वडिलांचं जनार्दन पांडुरंग. जयंतीबाईंचं लग्न चौदाव्या वर्षी झालं, पंधराव्या वर्षी रखमाबाई झाल्या आणि सतराव्या वर्षी त्या विधवा झाल्या. आज ज्या वयात मुली अकरावी-बारावीत असतात, त्या वयात जयंतीबाईंचा संसार मोडला होता.

हे कुटुंब सुतार समाजातलं. या समाजात विधवेला पुन्हा लग्न करता येत होतं. त्यामुळे काही वर्षांनी जयंतीबाईंचा दुसरा विवाह झाला, डॉ. सखाराम अर्जुन राऊत यांच्याशी. दुसऱ्या लग्नाआधी जयंतीबाईंनी पहिल्या नवऱ्याची मालमत्ता मुलीच्या नावावर केली. पुढे कोर्टात या मालमत्तेचा विषय निघणार होता.

सखाराम अर्जुन हे साधं नाव नव्हतं. ते नावाजलेले डॉक्टर होते आणि ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये वनस्पतिशास्त्र शिकवायचे. 1883 साली मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी सुरू झाली, तिच्या संस्थापकांमध्येही ते होते. बाळंतपणाच्या शास्त्रावर मराठीतून लिहिणाऱ्या सुरुवातीच्या डॉक्टरांपैकी ते एक. म्हणजे रखमाबाई ज्या घरात वाढल्या तिथे लहान वयातलं बाळंतपण किती जिवावर बेततं, हे जाणणारा माणूस होता.

तरीही रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालंच. नवरा दादाजी भिकाजी, वय 19, सखाराम अर्जुन यांच्या नात्यातला. दादाजीने शिकून पायावर उभं राहावं अशी अपेक्षा होती. त्याचं शिक्षणात मन लागलं नाही आणि तो मामाकडे राहायला गेला. काही महिन्यांत रखमाबाई वयात आल्या. रूढीप्रमाणे लगेच गर्भाधान व्हायला हवं होतं. पण सखाराम अर्जुन यांनी ते होऊ दिलं नाही. डॉक्टर म्हणून त्यांना ते धोक्याचं वाटत होतं.

रखमाबाई माहेरीच राहिल्या. घरी पुस्तकं आणून वाचत गेल्या. आईबरोबर प्रार्थना समाजाच्या आणि आर्य महिला समाजाच्या सभांना जाऊ लागल्या. अशी वर्षं गेली आणि मार्च 1884 मध्ये घरी वकिलाची नोटीस आली. दादाजीला बायको नांदायला हवी होती.

पेपरात गाजलेली केस

रखमाबाईंनी जायला नकार दिला. दादाजीची तब्येत बरी नव्हती, कमाई नव्हती. आणि मुख्य म्हणजे हे लग्न झालं तेव्हा होकार-नकार देण्याचं त्यांचं वयच नव्हतं. प्रकरण मुंबई हायकोर्टात गेलं. रखमाबाईंच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकिलांमध्ये काशिनाथ त्र्यंबक तेलंगही होते.

21 सप्टेंबर 1885 रोजी न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल दिला. ज्या बाईने सासरी कधी पाऊलच टाकलेलं नाही, तिला जबरदस्तीने नांदायला पाठवता येणार नाही, असा त्याचा अर्थ होता. रखमाबाई जिंकल्या.

आणि मग खरा गोंधळ सुरू झाला. इंग्रज न्यायाधीश आपल्या धर्मात लुडबुड करतोय, असं म्हणत पेपरांमधून टीकेची झोड उठली. लोकमान्य टिळकांच्या केसरी आणि मराठा या पत्रांनी निकालाला कडाडून विरोध केला. दुसऱ्या बाजूला बेहरामजी मलबारींसारखे सुधारक रखमाबाईंच्या मागे उभे राहिले. दादाजीने अपील केलं आणि 1886 मध्ये पहिला निकाल फिरवून केस पुन्हा सुनावणीला पाठवण्यात आली.

4 मार्च 1887 रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी आदेश दिला. एका महिन्यात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंग चालेल असं सांगितलं. तेव्हा त्या 22 वर्षांच्या होत्या. सावत्र वडील, ज्यांचा सगळ्यात मोठा आधार होता, ते सखाराम अर्जुन 1885 मध्येच वारले होते.

एक तारीख इथे जोडून बघण्यासारखी आहे. अमेरिकेतून डॉक्टर होऊन आलेल्या आनंदीबाई जोशी 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात वारल्या. कोल्हापूरच्या हॉस्पिटलमध्ये बायकांच्या वॉर्डची जबाबदारी त्यांच्यावर येणार होती, पण एकही दिवस काम करायच्या आधी त्या गेल्या. त्यानंतर अवघ्या सहा दिवसांनी फॅरन यांचा आदेश आला. म्हणजे एका मराठी मुलीचं डॉक्टरकीचं स्वप्न संपलं, त्याच आठवड्यात दुसऱ्या मराठी मुलीसमोर तुरुंगाचं दार उघडं होतं. पुढे हीच दुसरी मुलगी डॉक्टर होणार आहे, हे तेव्हा कुणाच्या डोक्यातही नसेल.

शेवटी जुलै 1888 मध्ये तडजोड झाली. दादाजीने 2,000 रुपये घेऊन आपला दावा सोडला. रखमाबाईंना तुरुंगात जावं लागलं नाही. पुढच्या वर्षी दादाजीने दुसरं लग्न केलं.

'अ हिंदू लेडी' कोण?

या चार वर्षांत रखमाबाई आणखी एक गोष्ट शिकल्या. लोकमत कसं घडतं आणि कसं बिघडतं, हे त्यांनी स्वतःवर झेलून पाहिलं.

1885 मध्ये, पहिला निकाल येण्याच्या आधीच, टाइम्स ऑफ इंडियात दोन पत्रं छापून आली. एक जूनमध्ये बालविवाहावर, दुसरं सप्टेंबरमध्ये सक्तीच्या वैधव्यावर. खाली नाव होतं 'अ हिंदू लेडी', म्हणजे एक हिंदू स्त्री. मुलींचं शिक्षण लग्नामुळे कसं तुटतं, लहान वयात आई झालेल्या मुलींचं शरीर कसं खचतं, हे त्यात मांडलं होतं. पत्रं गाजली. या पत्रांमागे कोर्टातली रखमाबाईच आहे, हे लोकांना नंतर कळलं.

विचार करा. ज्या काळात बाईचं नाव पेपरात येणं हीच बदनामी मानली जायची, त्या काळात त्यांचं नाव मुंबईपासून लंडनपर्यंतच्या पेपरांत येत होतं. त्यांचं लग्न, त्यांची मालमत्ता, त्यांचं वय, त्यांचं चारित्र्य, सगळ्यावर अनोळखी माणसं मतं देत होती. आज आपण ज्याला ट्रोलिंग म्हणतो, त्याचं हे छापील रूप.

या केसचा परिणाम कायद्यावरही झाला. लहान मुलींच्या लग्नाचा विषय इतका तापला की 1891 मध्ये संमतिवयाचा कायदा आला. त्यात संमतीचं वय 10 वरून 12 करण्यात आलं. आज हा आकडा वाचून अंगावर काटा येतो. पण तेवढ्या दोन वर्षांसाठीही देशभर वाद पेटला होता.

बायकांच्या हॉस्पिटलला पैसे कुठून आले?

इकडे रखमाबाईंची केस चालू असताना हिंदुस्थानात एक नवी चळवळ उभी राहत होती. तिच्याशिवाय सुरतेची गोष्ट समजत नाही.

प्रश्न साधा होता. बायका पुरुष डॉक्टरला दाखवायच्या नाहीत. पडद्यातली बाई तर नाहीच नाही. ताप असो, अडलेलं बाळंतपण असो, फार तर पडद्याआडून नाडी दाखवायची. बाकी सगळं सुईणीवर. सुईणी अनुभवी असायच्या, पण जंतू म्हणजे काय हे कुणालाच माहीत नव्हतं. न धुतलेले हात, अंधारी बंद खोली, धुरी, नाळ कापायला हाताशी असेल ते हत्यार. यातून बाळंतिणीला ताप चढायचा आणि अनेकींचा त्यातच शेवट व्हायचा. त्यात आई स्वतःच तेरा-चौदा वर्षांची असेल तर बाळ अडण्याची भीती आणखी.

1882 साली इंग्लंडमधल्या डॉ. फ्रान्सिस हॉगन यांनी हिंदुस्थानात स्त्री डॉक्टर पाठवायला हव्यात असा लेख लिहिला. मुंबईत घोड्यांची ट्राम आणणारे अमेरिकन व्यापारी जॉर्ज किट्रेज यांनी तो विषय उचलून धरला. त्यांच्यासोबत आले पारशी समाजसुधारक सोराबजी शापुरजी बंगाली. दोघांनी 1883 मध्ये निधी उभा केला. पेस्तनजी होरमसजी कामा यांनी मोठी देणगी दिली आणि त्यातून मुंबईचं कामा हॉस्पिटल उभं राहिलं. पायाभरणीला थेट राणी व्हिक्टोरियाचा मुलगा, ड्यूक ऑफ कॅनॉट आला होता. दिवस होता 22 नोव्हेंबर 1883, योगायोगाने रखमाबाईंचा एकोणिसावा वाढदिवस. 1886 मध्ये हॉस्पिटल सुरू झालं. कामाची सूत्रं डॉ. एडिथ पिची या इंग्रज डॉक्टरबाईंच्या हातात होती.

1885 मध्ये व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरिन यांनी देशभरासाठी असाच निधी सुरू केला. स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण, स्त्रियांसाठी उपचार आणि प्रशिक्षित नर्स व सुईणी, अशी त्याची तीन कामं. राणीचा आशीर्वाद, राजेरजवाड्यांच्या देणग्या, प्रांताप्रांतात शाखा, दरवर्षीचे अहवाल. त्या काळातली ही अत्यंत यशस्वी पब्लिसिटी म्हणावी लागेल. गावोगावी बायकांचे दवाखाने उभे राहू लागले.

पण यात एक फट होती. ही सगळी प्रसिद्धी देणगीदारांसाठी होती. राजाला पटलं, शेठला पटलं, सरकारला पटलं. ज्या बाईने त्या खाटेवर येऊन झोपायचं होतं, तिला कुणी पटवायला गेलंच नव्हतं. ती वाचू शकत नव्हती आणि बहुतेक वेळा घराबाहेर पडायचं की नाही हा निर्णयही तिचा नव्हता. तो सासूचा होता, नवऱ्याचा होता.

लंडनची पाच वर्षं

तडजोड झाल्यावर रखमाबाईंपुढे प्रश्न होता की आता करायचं काय. उत्तर डॉ. एडिथ पिची यांच्याकडून आलं. पिची यांनी स्वतः एडिनबरा विद्यापीठात वैद्यकीय शिक्षणासाठी लढा दिला होता. तिथल्या पुरुष विद्यार्थ्यांनी मुलींविरोधात दंगा केला होता. त्यामुळे लोकांच्या रोषातून गेलेली मुलगी त्यांना नवी नव्हती. त्यांनी रखमाबाईंना डॉक्टर होण्यासाठी प्रोत्साहन दिलं, पैसे जमवायला मदत केली. इंदूरचे शिवाजीराव होळकर यांनी 500 रुपये दिले. इंग्लंडमध्ये ईव्हा आणि वॉल्टर मॅकलारेन या दांपत्याचा आधार मिळाला.

1889 मध्ये रखमाबाई जहाजाने निघाल्या. लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेनमध्ये शिकल्या, रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये प्रत्यक्ष काम शिकल्या. स्कॉटलंडमधल्या वैद्यकीय संस्थांच्या परीक्षा देऊन 1894 मध्ये त्यांनी डॉक्टरकीचा परवाना मिळवला. दहा वर्षांपूर्वी ज्यांच्या घरी वकिलाची नोटीस आली होती, त्या आता डॉक्टर होत्या.

हिंदुस्थानात परतल्यावर थोडा काळ त्यांनी कामा हॉस्पिटलमध्ये काम केलं. मग 1895 मध्ये सुरतेच्या स्त्रियांच्या हॉस्पिटलची जबाबदारी त्यांच्याकडे आली. वय 30.

शेळीच का?

सुरत तेव्हा मुंबई इलाख्यातच होतं, पण रखमाबाईंसाठी ते परकं शहर होतं. भाषा गुजराती. ओळखपाळख नाही. आणि त्यांची मुंबईतली ओळख कशी होती? नवऱ्याकडे नांदायला नकार देणारी बाई. त्या काळातल्या एखाद्या सासूने आपली सून अशा डॉक्टरबाईच्या हाती का सोपवावी, हा प्रश्न अगदी स्वाभाविक होता.

हॉस्पिटलबद्दलची भीती तर वेगळीच. त्या काळी लोक हॉस्पिटलमध्ये जायचे ते सगळे उपाय थकल्यावर. त्यामुळे तिथे माणसं मरायचीही जास्त. मग लोकांच्या मनात पक्कं बसलं की तिथे गेलेला परत येत नाही. शिवाय जातीचा विटाळ, परक्या हातचं पाणी, परक्या जागेतलं अन्न, हे अडथळे होतेच. बाळंतीण म्हणजे सुवेराचे दिवस. घराचा उंबरा ओलांडून तिने दुसरीकडे राहायचं, हे कुणाच्या गळी उतरत नव्हतं.

अशा वेळी भाषण करून उपयोग नव्हता. पत्रकं वाटून उपयोग नव्हता. लंडनची पदवी भिंतीवर लावून तर अजिबात नव्हता, कारण ती वाचणार कोण? एकेकाळी पेपरात पत्रं लिहून सगळ्या देशाला बोलतं करणाऱ्या रखमाबाईंना इथे लेखणीचा काहीच फायदा नव्हता.

म्हणून शेळी.

ही युक्ती वरवर गंमतीची वाटते, पण नीट बघितली तर ती किती अचूक होती ते लक्षात येतं. पहिलं म्हणजे शेळी सगळ्यांच्या ओळखीची. तिचं विणं बायकांनी घरच्या अंगणात पाहिलेलं असतं, त्यामुळे ती नीट सुटली की नाही हे त्यांना डॉक्टरशिवाय कळतं. दुसरं म्हणजे भीती होती ती या जागेची, की आत गेलेला जीव बाहेर येत नाही. शेळी आणि पिल्लू दोघंही बाहेर आल्यावर त्या भीतीला उत्तर मिळालं, आणि त्यासाठी कुणाच्या लेकीसुनेला पणाला लावावं लागलं नाही. आणि तिसरं, ही गोष्ट सांगण्यासारखी होती. डॉक्टरीणबाईंनी दवाखान्यात शेळीचं बाळंतपण केलं, हे ऐकून हसणारी बाईसुद्धा ते दुसरीला सांगणारच. पाणवठ्यावर, देवळात, ओट्यावर. हे त्या बायकांचं स्वतःचं जाळं होतं आणि तिथे कुठलाही अहवाल पोहोचत नव्हता.

आज मार्केटिंगवाले ज्याला डेमो म्हणतात तो हाच. फरक एवढाच की इथे विकायचं काही नव्हतं. एक बाळंतीण वेळेवर आली तर दोन जीव वाचणार होते.

मग प्लेग आला

शेळीने दार उघडलं, पण विश्वास ही एकदा मिळवून कपाटात ठेवायची वस्तू नाही. रखमाबाई सुरतेत आल्या आणि पुढच्याच वर्षी, 1896 मध्ये, मुंबईत प्लेग सुरू झाला. तो लवकरच इलाख्यातल्या इतर शहरांमध्ये पसरला, सुरतही त्यातून सुटलं नाही.

त्या काळात हॉस्पिटल या शब्दाची दहशत किती होती, याची कल्पना आज येणार नाही. रुग्णाला घरातून उचलून नेणार, बायकांना परके पुरुष तपासणार, मेल्यावर अंत्यविधीही धड करू देणार नाहीत. अफवा तर याहून भयंकर होत्या. ऑक्टोबर 1896 मध्ये मुंबईत गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोड हॉस्पिटलवर चालून गेला. पुण्यात घराघरात शिरून केलेल्या तपासण्यांचा राग इतका वाढला की 22 जून 1897 च्या रात्री प्लेग कमिशनर रँडवर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या.

म्हणजे सरकारकडे कायदा होता, पोलीस होते, लष्कर होतं, मोठमोठी हॉस्पिटलं होती. तरी लोक आपला आजारी माणूस लपवत होते. जबरदस्तीने आणलेला पेशंट आणि विश्वासाने आलेला पेशंट यातला फरक प्लेगने सगळ्या देशाला दाखवून दिला. अशा दिवसांमध्ये बायकांचं एक हॉस्पिटल चालवायचं, तेही बायका आपणहून येतील अशा पद्धतीने, हे काम किती अवघड असेल याचा अंदाज यावरून बांधता येतो.

रखमाबाई तिथून हलल्या नाहीत. एक-दोन नाही, तब्बल 22 वर्षं त्यांनी सुरतेत काढली. एवढ्या काळात त्यांच्या हातून सुखरूप बाळंत झालेल्या बायकांच्या मुलीही बाळंतपणाच्या वयाच्या झाल्या असतील. आई जिथे गेली तिथे लेकीला न्यायला शेळी लागत नाही.

पांढरी साडी

1904 मध्ये दादाजी वारल्याची बातमी आली. ज्या माणसाबरोबर एक दिवस संसार केला नाही, ज्याच्याकडे जाण्यापेक्षा तुरुंग पत्करायची तयारी दाखवली, त्याच्या मृत्यूनंतर रखमाबाईंनी विधवेसारखी पांढरी साडी नेसायला सुरुवात केली, असं त्यांच्या चरित्रात सांगितलं जातं.

आजच्या वाचकाला हे खटकतं. इतकी बंडखोर बाई आणि हे काय? त्यांनी असं का केलं याची वेगवेगळी कारणं लोक लावतात. जुने संस्कार असतील. किंवा ज्या घरांमध्ये त्यांना रोज जायचं होतं, त्या घरांतल्या बायकांना आपल्यातली वाटावी असा विचारही असेल. काहीही असलं तरी एक गोष्ट खरी. रखमाबाईंनी पुन्हा लग्न केलं नाही आणि डॉक्टरकीही सोडली नाही.

त्यांची मतं मवाळ झाली असं समजायचंही कारण नाही. 1917 मध्ये त्या सुरतेहून राजकोटला गेल्या. तिथल्या स्त्रियांच्या हॉस्पिटलची सूत्रं हाती घेतली. सरकारने स्त्री डॉक्टरांसाठी सुरू केलेल्या विमेन्स मेडिकल सर्व्हिसमध्ये येण्याचं निमंत्रण त्यांना आलं होतं, ते त्यांनी नाकारलं आणि राजकोटचंच काम निवडलं. तिथे रेड क्रॉस सोसायटीची शाखा सुरू केली. 1929 मध्ये, वयाच्या पासष्टीला टेकलेल्या रखमाबाईंनी पडदा पद्धत बंद करा असं सांगणारी पुस्तिका लिहिली. आयुष्यभर पडद्यामागच्या बायकांवर उपचार केलेल्या डॉक्टरने ती लिहिली होती, हे विसरता येत नाही. पडद्यामुळे उशिरा आलेले पेशंट त्यांनी तीन दशकं पाहिले होते.

1930 च्या सुमारास निवृत्त होऊन त्या मुंबईत परतल्या. 25 सप्टेंबर 1955 रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्यांचं निधन झालं. त्यांच्या जन्माच्या वेळी मुंबईत मुलींचं दहाव्या-अकराव्या वर्षी लग्न होणं ही रोजची गोष्ट होती. त्या गेल्या तेव्हा देश स्वतंत्र होऊन आठ वर्षं झाली होती आणि त्याच वर्षी संसदेने मंजूर केलेल्या हिंदू विवाह कायद्याने नवऱ्यापासून घटस्फोट मागायचा अधिकार बायकांना दिला होता. रखमाबाईंच्या केसच्या वेळी असा कायदा असता तर ना तुरुंगाची धमकी आली असती, ना 2,000 रुपये मोजावे लागले असते.

लक्षात काय राहिलं?

2016 मध्ये अनंत महादेवन यांनी रखमाबाईंवर मराठी सिनेमा केला. तनिष्ठा चॅटर्जी यांनी त्यात रखमाबाईंची भूमिका केली आणि सिनेमाला आधार होता मोहिनी वर्दे यांनी लिहिलेल्या चरित्राचा. 22 नोव्हेंबर 2017 ला गुगलने त्यांच्या वाढदिवशी डूडल केलं. साडी नेसलेल्या, गळ्यात स्टेथोस्कोप घातलेल्या रखमाबाई त्या दिवशी लाखो मोबाइलवर दिसल्या. अनेकांनी त्यांचं नाव पहिल्यांदा त्या दिवशी ऐकलं.

त्यांच्याबद्दल फिरणाऱ्या पोस्टमध्ये बहुतेक वेळा केसच असते. साहजिक आहे. कोर्ट, तुरुंग, टिळक, इंग्लंडचे पेपर, सगळा मसाला तिथे आहे. सुरतेतली 22 वर्षं आणि राजकोटमधली पुढची वर्षं यात सांगण्यासारखी बातमी फार नाही. बाई आली, बाळंत झाली, बाळाला घेऊन घरी गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

पण हॉस्पिटल नीट चालतंय याची खूणही तीच असते. पुढच्या वेळी एखाद्या गावात नवीन लसीला, नवीन आरोग्य केंद्राला किंवा नवीन योजनेला लोक घाबरतायत असं कानावर आलं, तर लोक अडाणी आहेत म्हणून मोकळं होण्याआधी सुरतेची ती शेळी आठवायला हरकत नाही. तिथल्या लोकांनाही कुणी अडाणी म्हणून सोडून दिलं असतं, तर त्या खाटा रिकाम्याच राहिल्या असत्या.